शाफदानची वाळू: प्रक्रिया केलेले सांडपाणी जमिनीतून गाळण्याचे एक दीर्घ प्रकरण

इस्रायलमध्ये तेल अवीवच्या दक्षिणेला, रिशोन लेझियोन शहराच्या समुद्राकडील अंगाला वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे आणि त्यात त्या देशातील सर्वांत मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. दान प्रदेशातील हे केंद्र ‘शाफदान’ या नावाने ओळखले जाते. तेल अवीव-याफो, रमात गान, होलोन, बात याम अशा एकमेकांना चिकटलेल्या शहरांतील वीस लाखांहून अधिक लोकांचे सांडपाणी येथे येते आणि वर्षाकाठी सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडते. एरवी असे पाणी नदीत किंवा समुद्रात सोडले की केंद्राचे काम संपते. शाफदानमध्ये मात्र ते वाळूतल्या उथळ वाफ्यांत सोडतात, जमिनीत मुरू देतात, काही महिन्यांनी आजूबाजूच्या विहिरींतून उपसून घेतात आणि तेथून नळाने दक्षिणेकडच्या नेगेव्ह या कोरड्या प्रदेशातील शेतीला देतात. १९७७ मध्ये सुरू झालेला हा क्रम आजही चालू आहे. मृदा-जलधर शुद्धीकरण (जलधर म्हणजे भूजल धरून ठेवणारा जमिनीखालचा थर) या पद्धतीचा इतका मोठा आणि इतका दीर्घकाळ नोंदवला गेलेला दुसरा नमुना क्वचितच सापडेल; त्यामुळे जमीन नेमके काय शुद्ध करते, कोणत्या अटींवर करते आणि त्याची किंमत कोठे चुकवावी लागते, हे पाहायला हे प्रकरण सोयीचे आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्याला इस्रायलचा किनारी जलधर हा देशाच्या पाणीपुरवठ्याचा एक मुख्य आधार होता आणि त्यातून होणारा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त होता. समुद्राला लागून असलेल्या जलधरातून असा उपसा झाला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. तसे काही भागांत झालेही. उत्तरेकडून पाणी आणणारी राष्ट्रीय जलवाहिनी १९६४ मध्ये सुरू झाल्यावर ताण थोडा हलका झाला, पण शहरे वाढत होती आणि त्याच पाण्यावर शेतीही डोळा ठेवून होती. दुसरीकडे तेल अवीव परिसराचे सांडपाणी समुद्रात जात होते. शहराला पिण्यायोग्य पाणी द्यावे आणि शहराने वापरून टाकलेले पाणी शुद्ध करून शेतीला द्यावे, हा अदलाबदलीचा विचार या परिस्थितीतून स्वाभाविकपणे पुढे आला.

या विचारात एक अडचण होती आणि ती शुद्धतेइतकीच महत्त्वाची होती. सांडपाणी बारा महिने, रोज, जवळपास सारख्याच प्रमाणात येते. शेतीची मागणी मात्र पावसाळी हिवाळ्यात जवळजवळ शून्यावर येते आणि उन्हाळ्यात एकदम वाढते. हिवाळ्यातले पाणी उन्हाळ्यापर्यंत ठेवायचे कोठे? उघड्या तलावांत ठेवले तर जागा लागते, बाष्पीभवन होते, शेवाळ येते आणि पाण्याची गुणवत्ता पुन्हा घसरते. जमिनीखालच्या वाळूत ठेवले तर यातले काहीच होत नाही, शिवाय साठवणुकीच्या काळात पाणी आणखी शुद्ध होते. म्हणजे शाफदानमध्ये जलधराकडे दोन कामे एकाच वेळी सोपवली गेली, गाळण्याचे आणि साठवण्याचे. या पद्धतीची चर्चा करताना गाळण्याच्या कामाचे कौतुक होते आणि साठवणुकीचे काम विसरले जाते; प्रत्यक्षात प्रकल्पाचा आर्थिक हिशेब साठवणुकीशिवाय जुळला नसता, असे मला वाटते.

जागा आणि एक अवघड निर्णय

निवडलेली जागा वाळूच्या टेकड्यांची आहे. वर सैल वाळू, तिच्या खाली चुनखडीयुक्त वालुकाश्म, ज्याला तेथे ‘कुर्कार’ म्हणतात, आणि अधूनमधून गाळाचे व चिकणमातीचे पातळ पट्टे. भूजलाची पातळी पृष्ठभागापासून बरीच खोल असल्याने वाफ्यातून मुरलेल्या पाण्याला जलधरापर्यंत पोहोचण्याआधी ओल्या-कोरड्या वाळूच्या जाड थरातून उतरावे लागते. हा असंपृक्त थर म्हणजे या पद्धतीचे खरे यंत्र. त्याच्या छिद्रांत पाण्यासोबत हवाही असते आणि त्या हवेवरच पुढच्या बहुतेक रासायनिक क्रिया ठरतात.

जागा ठरवताना तिच्यासोबत एक निर्णय घ्यावा लागला, त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ज्या जलधरातून लोक पिण्याचे पाणी घेतात, त्याच जलधराचा एक तुकडा कायमचा सांडपाण्याला देऊन टाकायचा, असा तो निर्णय होता. त्या तुकड्यातले पाणी यापुढे पिण्यासाठी घ्यायचे नाही, आणि ते तुकड्याबाहेर जाऊही द्यायचे नाही. यासाठी पुनर्भरणाच्या वाफ्यांभोवती काही शे मीटर ते सुमारे दीड किलोमीटर अंतरावर उपसा विहिरींचे कडे करण्यात आले. वाफ्यांखाली पाण्याची पातळी फुगते, विहिरींपाशी ती खाली ओढली जाते आणि त्यामुळे मुरलेले पाणी सर्व बाजूंनी विहिरींकडेच वाहते. कड्याबाहेरच्या निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी व गुणवत्ता सतत तपासून ते बाहेर निसटत नाही याची खात्री केली जाते. उपसा थांबवला तर हे कडे कोसळते. त्यामुळे पाण्याची मागणी असो वा नसो, पुनर्भरण चालू असेपर्यंत उपशाचा तोल सांभाळणे ही या प्रकल्पाची कायमची बांधिलकी आहे. सुटे शुद्धीकरण केंद्र बंद करता येते. जलधरात सोडलेले पाणी परत बोलावता येत नाही.

पहिल्या टप्प्यात सोरेक नावाच्या वाफ्यांत पाणी सोडले जाऊ लागले. त्या वेळी सांडपाण्यावरची प्रक्रिया साधी होती: ऑक्सिडेशन तळी, त्यानंतर चुना आणि मॅग्नेशियम वापरून केलेली रासायनिक प्रक्रिया आणि शेवटी आणखी काही तळी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सक्रिय गाळ पद्धतीचे, म्हणजे हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंकरवी सांडपाणी शुद्ध करणारे, यांत्रिक-जैविक केंद्र उभे राहिले, त्यात नायट्रोजन काढण्याचीही सोय झाली, आणि यावने परिसरात नवे वाफे जोडले गेले. १९८९ मध्ये नेगेव्हकडे जाणारी स्वतंत्र जलवाहिनी पूर्ण झाली. तिला ‘तिसरी वाहिनी’ म्हणतात. शुद्धीकरण केंद्र शहरांच्या संघाकडे आहे, तर जमिनीत मुरवणे, उपसणे आणि वाहून नेणे ही कामे मेकोरोट या राष्ट्रीय पाणी कंपनीकडे आहेत.

वाफे भरणे आणि वाळवणे

बाहेरून पाहणाऱ्याला यात फारसे काही दिसत नाही. बांध घातलेले सपाट वाळूचे वाफे, त्यात उथळ पाणी, काही ठिकाणी पक्षी. एका वाफ्यात साधारण एक दिवस पाणी सोडतात आणि मग दोन-तीन दिवस तो कोरडा ठेवतात. अधूनमधून कोरड्या वाफ्याची वरची वाळू कुळवून सैल केली जाते. प्रकल्पाचे रोजचे कामकाज मुख्यतः हेच आहे, आणि त्याचे सारे गुपित भरण्याच्या दिवसापेक्षा वाळवण्याच्या दिवसांत आहे.

पाणी उभे असताना वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म कण, शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर जमतो. वाळूची झिरपण्याची क्षमता कितीही असली तरी हा काही मिलिमीटरचा थर तिची गती ठरवतो. वाफा तसाच भरलेला ठेवला तर काही दिवसांत तो तुंबतो. वाळवला की हा थर सुकून आकसतो, त्याला तडे जातात, त्यातला सेंद्रिय भाग कुजतो आणि पाण्याला पुन्हा वाट मिळते. हिवाळ्यात ही गती घटते, कारण थंड पाणी जास्त चिकट असते आणि थर सुकायलाही वेळ लागतो; त्यामुळे मागणी सर्वांत कमी असलेल्या ऋतूतच मुरवण्याची क्षमताही सर्वांत कमी असते, ही या व्यवस्थेतील एक अंगभूत विसंगती आहे.

वाळवण्याचे दुसरे कारण खोलवरचे आहे. पाणी भरलेले असताना वाळूतली हवा बाहेर ढकलली जाते. सेंद्रिय द्रव्य खाणारे जिवाणू उरलेला प्राणवायू वापरून टाकतात. सांडपाण्यातला अमोनियम या अवस्थेत पुढे न जाता गाळ-चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. पाणी खाली उतरले, वाळूला वाफसा आला आणि छिद्रांत हवा शिरली की दुसरे जिवाणू कामाला लागतात आणि धरून ठेवलेल्या अमोनियमचे नायट्रेट करतात. पुढच्या भरणीत हे नायट्रेट खाली सरकते; तेथे प्राणवायू कमी आणि सेंद्रिय द्रव्य थोडे शिल्लक असेल तर तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायुरूपाने सुटून जातो. ओल आणि कोरड यांचा हा फेरा बिघडला की साखळीही बिघडते.

फेऱ्याची लांबी बदलली तर काय होते, याचा प्रसिद्ध अनुभव शाफदानच्या आधीचा आणि अमेरिकेतला आहे. ॲरिझोनातील फीनिक्स शहराजवळ सॉल्ट नदीच्या कोरड्या पात्रात १९६७ मध्ये फ्लशिंग मेडोज हा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. जलशास्त्रज्ञ हर्मन बाउवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. दोन दिवस भरणे आणि पाच दिवस वाळवणे असा छोटा फेरा ठेवला तेव्हा अमोनियमचे नायट्रेट छान झाले, पण एकूण नायट्रोजन फारसा घटला नाही. भरणी सुमारे नऊ दिवसांची आणि वाळवण सुमारे बारा दिवसांची केली आणि पाण्याचा भारही कमी केला, तेव्हा नायट्रोजनचा जवळपास दोन-तृतीयांश भाग निघून गेला. जमीन तीच होती, पाणीही तेच. फरक फक्त वेळापत्रकाचा होता. शाफदानने छोटा फेरा स्वीकारला, कारण तेथे नायट्रोजनचा बराचसा भाग केंद्रातच काढला जातो आणि अधिकाधिक पाणी मुरवणे ही मुख्य गरज होती.

या वेळापत्रकाचा जमिनीशी थेट संबंध आहे. वर्षाला १३ कोटी घनमीटर म्हणजे दिवसाला सुमारे साडेतीन लाख घनमीटर. वाफा भरलेला असताना दिवसाला एक मीटर पाणी मुरते असे समजुतीसाठी धरले, तर कोणत्याही दिवशी सुमारे ३५ हेक्टर वाफे ओले असावे लागतील. चारपैकी एकच दिवस ओला असेल तर एकूण सुमारे १४० हेक्टर वाफे लागतील, म्हणजे शंभर हेक्टरहून अधिक जमीन कोणत्याही क्षणी नुसती कोरडी पडलेली दिसेल. महानगराच्या कुशीत, समुद्रकिनाऱ्याजवळ, जमिनीचे भाव चढत असताना हे चित्र टिकवणे कठीण असते. कोरडा वाफा रिकामा आहे, वाया चालला आहे, असे वाटणे साहजिक आहे. पाण्याचे प्रमाण वाढत गेले आणि वाफ्यांचे क्षेत्र त्या प्रमाणात वाढले नाही, तर ताण प्रथम वाळवण्याच्या दिवसांवर येतो. शाफदानच्या पुढच्या बहुतेक अडचणींचा धागा येथपर्यंत मागे नेता येतो.

काय निघून जाते

मुरल्यापासून उपसले जाईपर्यंत पाणी जमिनीत साधारण सहा महिने ते एक वर्ष राहते. या काळात निलंबित कण आणि गढूळपणा जवळजवळ पूर्णपणे जातो. विरघळलेले सेंद्रिय कार्बन, जे प्रक्रिया झालेल्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते, ते एक मिलिग्रॅमच्या जवळ येते. यातली बरीच घट वरच्या काही मीटरमध्येच होते. फॉस्फरस चुनखडीयुक्त वाळूत कॅल्शियमबरोबर अवक्षेपित होऊन अडकतो. जिवाणू आणि विषाणू कणांना चिकटतात आणि दीर्घ मुक्कामात नष्ट होतात. उपसलेल्या पाण्याला कोणत्याही पिकासाठी, म्हणजे कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठीही, परवानगी मिळाली. शेतात काम करणाऱ्याने चुकून ते प्यायले तरी धोका नसावा, ही कसोटी तेथे मानली जाते. तरीही ते पिण्याच्या नळात जाऊ दिले जात नाही, ही मर्यादा सुरुवातीपासून पाळली गेली आहे.

सूक्ष्मजीवांच्या बाबतीत या पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. क्लोरिनने मारण्यापेक्षा महिनोन्‌महिने वाळूत ठेवून मरू देणे अधिक खात्रीचे ठरते, कारण वरच्या केंद्रात एखाद्या दिवशी बिघाड झाला तरी त्या दिवसाचे पाणी लगेच शेतात पोहोचत नाही. मधे महिन्यांचा अवकाश असतो. हा अवकाश कोणत्याही बंदिस्त यंत्रात विकत घेता येत नाही.

काय निघत नाही

मीठ निघत नाही. क्लोराइड वाळूतून जसेच्या तसे पुढे जाते, इतके की मुरलेले पाणी मूळ भूजलात किती मिसळले आहे हे ओळखण्यासाठी क्लोराइडचाच खुणेसारखा उपयोग होतो. शहरात येणाऱ्या पाण्यापेक्षा शहरातून जाणारे पाणी अधिक खारट असते, आणि ती भर सिंचनाबरोबर शेतात जाते. २००५ पासून अश्केलोन आणि पुढे इतर ठिकाणी समुद्राचे पाणी गोडे करणारी मोठी केंद्रे सुरू झाल्यावर शहरांच्या नळाच्या पाण्यातलेच मीठ घटले आणि त्याचा लाभ सांडपाण्याच्या पुनर्वापराला आपोआप मिळाला. बोरॉनचेही तसेच. धुण्याच्या पावडरींतील परबोरेटमुळे सांडपाण्यात बोरॉन येत असे; जमीन ते नीट अडवत नाही आणि लिंबूवर्गीय पिकांना ते थोड्या प्रमाणातही बाधते. इस्रायलने यावर उपाय शुद्धीकरणाच्या टोकाला न शोधता पावडरींतील बोरॉनवर मर्यादा घालून शोधला. २०१० च्या प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या निकषांत अनिर्बंध सिंचनासाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि बोरॉनची ०.४ मिलिग्रॅम ठेवली गेली. जे जमिनीला जमत नाही ते उगमापाशी अडवायचे, हा या प्रकरणातील मला सर्वांत उपयुक्त वाटणारा व्यवहार आहे.

काही औषधेही निघत नाहीत. अनेक औषधांचे अंश वाळूत विघटित होतात, पण अपस्मारावर दिले जाणारे कार्बामाझेपीन जवळजवळ न बदलता पलीकडे पोहोचते. इस्रायलमध्येच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पुनर्वापराच्या पाण्यावर वाढवलेल्या भाज्या-फळे खाल्ल्यावर निरोगी व्यक्तींच्या लघवीत कार्बामाझेपीनचे प्रमाण वाढल्याचे आणि गोड्या पाण्यावरच्या भाज्या खाल्ल्यावर ते उतरल्याचे दिसले. ही मात्रा औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या मात्रेच्या तुलनेत फारच क्षुल्लक होती. तो प्रयोग शाफदानच्या पाण्यापुरता नव्हता, पण वाळूचा मुक्काम या रेणूपुढे निष्प्रभ ठरतो एवढे त्याच्याआधीच माहीत होते.

मँगनीजचे प्रकरण

शाफदानच्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा भाग अशुद्धीचा आहे, आणि ती अशुद्धी सांडपाण्यातून आलेली नव्हती. काही वर्षे उत्तम चाललेल्या उपसा विहिरींच्या पाण्यात मँगनीजचे प्रमाण वाढू लागले. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ते अगदी थोडे होते. मग आले कोठून?

वाळूच्या कणांवर मँगनीजच्या ऑक्साइडचा पातळ लेप नैसर्गिकरीत्या असतो. प्राणवायू असेपर्यंत तो स्थिर राहतो. पण जमिनीत शिरणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा निचरा करण्यासाठी जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. तो संपला की ते नायट्रेटकडे वळतात, नायट्रेट संपले की मँगनीजच्या ऑक्साइडकडे. ऑक्साइडचे विघटन होते आणि मँगनीज विरघळून पाण्यात येते. विरघळलेले मँगनीज लगेच विहिरीत पोहोचत नाही. ते वाटेतल्या कणांना चिकटते, पुन्हा सुटते, पुढे सरकते. त्यामुळे वाफ्यांखाली सुरू झालेला बदल कित्येक वर्षांनी, एखाद्या आघाडीप्रमाणे सरकत, दूरच्या विहिरीपर्यंत जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने शाफदानच्या विहिरींतील नोंदींवरून ही यंत्रणा मांडली आणि वाढलेले मँगनीज मुख्यतः जलधरातल्या गाळातूनच सुटत असल्याचे दाखवले.

पिण्याचा प्रश्न नसताना मँगनीजची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर ठिबकच्या नळीत आहे. विहिरीतून निघालेले मँगनीजयुक्त पाणी पारदर्शक दिसते. वाहिनीत त्याचा हवेशी किंवा क्लोरिनशी संबंध आला की मँगनीजचे पुन्हा ऑक्साइड होते आणि नळीच्या आतून काळा थर धरतो. तो सुटून वाहू लागला की गाळण्या आणि ड्रिपर चोंदतात. सिंचनाच्या सर्वमान्य मार्गदर्शक निकषांनुसार लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मँगनीज असेल तर ठिबकला त्रास नसतो, त्यापुढे तो सुरू होतो आणि १.५ मिलिग्रॅमच्या वर गंभीर होतो. विहिरीच्या पाण्यातल्या लोहामुळे लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या उपनळीत, साचणारा तांबूस गाळ जळगाव-नाशिककडच्या ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यांना परिचित आहे. त्याच जातीचा हा काळा त्रास. नेगेव्हपर्यंतच्या वाहिनीत तो साचू लागल्यावर वाहिनी धुणे, उपचार करणे आणि काही विहिरींतून उपसा कमी करणे असे उपाय करावे लागले.

या घटनेचा अर्थ मी असा लावतो. जमिनीची शुद्धीकरणाची क्षमता म्हणजे तिच्यात साठलेला प्राणवायू आणि प्राणवायू देऊ शकणारी खनिजे यांचे भांडवल आहे. वाळवण्याच्या दिवसांत हवेतून त्यात भर पडते, भरण्याच्या दिवसांत खर्च होतो. भरणीचा आणि सेंद्रिय द्रव्याचा भार वाढला आणि वाळवण अपुरी पडली की खर्च जमेवर मात करतो. वरवर पाहता पुढची काही वर्षे काहीच बिघडलेले दिसत नाही, कारण वाळूवरच्या लेपांतून तूट भागवली जात असते. विहिरीत मँगनीज दिसते तेव्हा मूळ घटना बरीच जुनी झालेली असते. म्हणूनच अशा प्रकल्पात उपशाच्या पाण्याची तपासणी पुरेशी नसते. वाफ्याखालील प्राणवायू मोजत राहणे हेच लवकर सावध करणारे मोजमाप ठरते.

जागा कमी, पाणी जास्त

लोकसंख्या वाढली तसे पाणी वाढले, वाफ्यांना नवी जमीन मिळणे कठीण झाले. यावर शाफदानमध्ये ज्या दिशेने प्रयोग झाले ती दिशा रोचक आहे. युरोपीय संघाच्या पाठबळाने चाललेल्या संशोधनात प्रक्रिया केलेले पाणी आधी अतिसूक्ष्म गाळणीच्या पडद्यातून नेऊन नंतर सुमारे महिनाभराच्या छोट्या मुक्कामासाठी जमिनीत सोडून पाहण्यात आले. पाण्यात कण आणि जिवाणू उरले नाहीत तर पृष्ठभाग तुंबत नाही, आणि मुक्काम छोटा असला तरी सेंद्रिय द्रव्याची बरीच घट होते. दुसऱ्या काही प्रयोगांत मुरवण्यापूर्वी ओझोन देण्यात आला. त्यामुळे अवघड रेणू तुटतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायूही वाढतो, म्हणजे मँगनीजच्या दुखण्यावरही उपचार होतो.

तांत्रिकदृष्ट्या हे आकर्षक आहे. पण यात मूळ पद्धतीचा स्वस्तपणा जातो. जमिनीची जागा पडदे, पंप, वीज आणि ओझोन घेतात. जमीन महाग आणि वीज तुलनेने स्वस्त असलेल्या किनारी शहराला तो व्यवहार परवडू शकतो. दुसरीकडे परवडेलच असे नाही.

आपल्याकडे याचा संबंध किती

शाफदानचे नाव घेऊन भारतात कोठेही तळ्यात सांडपाणी सोडण्याचे समर्थन करणे घाईचे होईल. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संशोधन संस्थेने अहमदाबादेत साबरमतीच्या वाळूच्या पात्रात, केवळ प्राथमिक प्रक्रिया केलेले सांडपाणी मुरवून ही पद्धत तपासली होती. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते तांत्रिक व आर्थिक दोन्ही बाजूंनी अनुकूल होते. तेथे जाड नदीवाळू होती, हे विसरता कामा नये. कर्नाटकात २०१८ पासून बंगळूरचे द्वितीय स्तरापर्यंत प्रक्रिया केलेले पाणी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. भूजल वाढवणे हा तेथील हेतू आहे, पण खडक कठीण आहे, तलाव वाळवण्याचे वेळापत्रक नाही आणि उपसा विहिरींचे कडेही नाही. दोन्हींना एकच नाव देणे चुकीचे आहे.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बसाल्टचा आहे. भूजल अंदाजाच्या राष्ट्रीय निकषांत वालुकामय गाळाच्या प्रदेशासाठी विशिष्ट जलदेयता, म्हणजे थराच्या आकारमानापैकी निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याचा वाटा, साधारण १६ टक्के धरतात, तर कुजलेल्या किंवा सांधेयुक्त बसाल्टसाठी २ टक्के. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी एक मीटरने वाढवली तर वाळूत एक लाख ६० हजार घनमीटर पाणी मावते, बसाल्टमध्ये २० हजार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बसाल्टमधले पाणी कणांमधून गाळत जात नाही, भेगांतून धावते. शाफदानच्या वाळूत महिने लागणारा प्रवास येथे एखाद्या उघड्या भेगेतून फार थोड्या वेळात होऊ शकतो, आणि त्या भेगेच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी पिण्याची विहीर असू शकते. वरची काळी माती तर पाणी मुरूच देत नाही. ती फुगते आणि बंद होते. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या मृदा जैवतंत्रज्ञानासारख्या पद्धतींत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे: तेथे नैसर्गिक जमिनीवर अवलंबून न राहता तळाला बंद केलेल्या हौदात निवडक माती-माध्यमाचा थर रचून त्यातून सांडपाणी झिरपवतात आणि खाली गोळा करतात. त्यात साठवण नाही, पण भूजलाला धोकाही नाही. गृहसंकुल किंवा छोट्या गावासाठी तो मार्ग अधिक समंजस आहे.

शाफदानशी भूगर्भीय साम्य शोधायचेच असेल तर तापी-पूर्णा खोऱ्यातला जाड गाळ आणि सातपुड्याच्या पायथ्याचा जाडाभरड्या भरावाचा पट्टा विचारात घ्यावा लागेल. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेलेले आहे, म्हणजे असंपृक्त थर जाड आहे, आणि नदीचे पुराचे पाणी तेथे मुरवण्याच्या मोठ्या योजनेची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तरी नदीचे पाणी मुरवणे आणि सांडपाणी मुरवणे यांत मोठा फरक आहे. या पट्ट्यातली गावे त्याच भूजलावर पिण्यासाठीही अवलंबून आहेत, आणि त्यातला एखादा तुकडा पिण्याच्या वापरातून कायमचा वगळून, त्याभोवती उपशाचे कडे उभारून ते पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची जबाबदारी कोणती संस्था घेईल, हे ठरल्याशिवाय झिरपण्याच्या गतीची चाचणी घेण्यातही अर्थ नाही. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल आधीच पिण्यायोग्य नाही, त्यामुळे तेथे हा निर्णय सोपा वाटेल. पण तेथे माती चिकण आहे आणि मुरवलेले पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून परत येईल, हे क्लोराइडबद्दल वर जे पाहिले त्यावरून उघड आहे.